पिस्ताचा आडोसा

"सरडा? घरात? आणि तोही मुद्दाम आणलेला?"

पुण्याहून ताईचा फोन होता. पलीकडे दोन क्षण नुसती शांतता. मग म्हणाली, "अगं, पाल दिसली की पलंगावर चढणारी तू!"

खरंच आहे ते. माहेरी पाल दिसली की मी अख्खी आळी गोळा करायचे. तीच मी आता सकाळी उठून चहाच्या आधी सरड्याला पाणी देते, हे कुणाला खरं वाटावं? पण वाटलं, एकदा लिहूनच काढावं. कारण त्या एवढ्याशा जिवानं आमच्या घराला जे शिकवलं, ते मला इतक्या वर्षांच्या संसारात सुचलं नव्हतं.

गोष्ट २०२२ च्या ऑक्टोबरमधली. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरात आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक, सात वर्षांचे चिरंजीव आणि गोट्या नावाचा तांबूस बोका. त्या वर्षी सासूबाईही सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. शिवाय शनिवार-रविवारची मित्रमंडळी, मुलांचे सवंगडी, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमी… घर कसलं, एसटी स्टँडच! त्यातच लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांची टेक्सासला बदली झाली. त्यांच्याकडे पाळलेला एक शॅमेलिऑन होता, म्हणजे रंग बदलणारा सरडा. त्याला एवढ्या लांब नेणं त्यांना जमणार नव्हतं.

"आई, प्लीज! तो काहीच त्रास देत नाही. आवाज नाही, फिरायला न्यायला नको, केस गळत नाहीत…"

गेलं वर्षभर ही पोर माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्या तीनच उत्तरांत बोलत होती. खोलीचं दार लावून बसायची. मी 'आपल्या घरात दारं लावायची नाहीत' असा फतवा काढला होता आणि दर अर्ध्या तासानं काही ना काही निमित्तानं तिचं दार उघडत होते. त्या दिवशी ती सलग दहा मिनिटं बोलली. मी तिथेच विरघळले.

अशा रीतीनं पिस्ता आला. 'आला' म्हणते, कारण देणाऱ्यांनी नर म्हणूनच सांगितलं होतं. पिस्त्यासारखा हिरवा रंग, म्हणून नाव पिस्ता. ही जात मूळची येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातली. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. इंग्रजीत तिला 'व्हेल्ड' म्हणतात, म्हणजे बुरखेवाली. हे नाव किती समर्पक आहे, ते मला पुढे कळायचं होतं.

'काहीच त्रास नाही' हे लेकीचं म्हणणं पहिल्या आठवड्यातच खोटं ठरलं. त्याचा पिंजरा चांगला माणसाएवढा. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच आणि चारी बाजूंनी जाळीचा, कारण हवा खेळती लागते. आत फांद्या आणि खऱ्या झाडांच्या कुंड्या. वर एक उष्णतेचा दिवा. हे प्राणी आपल्यासारखं अंग गरम ठेवू शकत नाहीत, ऊन खाल्ल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. शिवाय अतिनील किरणांचा वेगळा दिवा. तो नसेल तर अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. गंमत म्हणजे हा दिवा पेटलेला दिसत असला, तरी काही महिन्यांनी त्यातले ते किरण कमी होत जातात. म्हणून चालू दिवा काढून नवा लावायचा! आमच्या ह्यांना ही उधळपट्टी अजून पटलेली नाही.

पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. वाटीत पाणी ठेवलं तर हा त्याकडे ढुंकूनही बघत नाही. रानात पानांवरचं दव आणि पावसाचे थेंब चाटायची सवय. त्यामुळे पानांवर पाणी फवारायचं आणि थेंब थेंब गळणारं भांडं वर टांगायचं. खायला जिवंत रातकिडे. त्यांना आधी गाजर, पालेभाजी खाऊ घालायची, मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं. भजी पिठात घोळवतात ना, अगदी तसंच! मी शाकाहारी बाई, पण लेकीची परीक्षा असली की हेही काम माझ्याकडेच.

हे सगळं झालं. चुकलं ते एकच. पिंजरा आम्ही ठेवला हॉलमध्ये, मोठ्या खिडकीशी. सगळ्यांना दिसायला हवा ना! पाहुणे आले की आधी पिस्तादर्शन. "रंग बदलून दाखव" म्हणून मुलं लाल रुमाल समोर धरायची, पिवळी पिशवी धरायची. पिस्ता काही लाल-पिवळा होत नसे. कारण शॅमेलिऑन समोरच्या रंगाची नक्कल करतो, ही आपली समजूतच मुळी चुकीची. त्याचा रंग बदलतो तो राग, भीती, ऊब, थंडी यांनी, किंवा दुसऱ्या शॅमेलिऑनला काही सांगायचं असेल तर. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शॅमेलिऑनच्या दुसऱ्या एका जातीत दाखवून दिलं, की त्याच्या कातडीतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की रंग पालटतो. म्हणजे आपण 'सरड्यासारखे रंग बदलतो' असं ज्याला लबाड म्हणतो, तो बिचारा मनातलं सगळं कातडीवर मांडून बसलेला असतो.

आणि पिस्ता काळपट पडत चालला होता.

कारण गोट्या. बोक्याला घरात नवीन टीव्हीच आला होता जणू. सोफ्याच्या पाठीवर बसून तो तासन् तास पिंजऱ्याकडे टक लावून बघायचा. फक्त शेपटीचं टोक हलतंय. आम्हाला त्याचं कौतुक! "बघा, दोघांची मैत्री झाली." फोटो काढून आम्ही चार ग्रुपवर पाठवलेसुद्धा. एके दिवशी दुपारी 'धप्प' असा आवाज आला. जाऊन बघते तर गोट्या जाळीला चारी पंजांनी लटकलेला, जाळी एका कोपऱ्यात फाटलेली आणि पिस्ता सगळ्यात वरच्या फांदीला चिकटून, जवळजवळ काळा. नशीब, नखं पोचली नव्हती. मांजराच्या तोंडात असे जंतू असतात, की दात नुसता रुतला तरी एवढ्याशा प्राण्याला ते विष ठरू शकतं. जखम बारीक दिसली तरी डॉक्टरकडे धावावंच लागतं.

त्या दिवसापासून जाळीच्या बाहेर आम्ही आणखी एक जाड जाळी लावली. संकट टळलं, असं आम्हाला वाटलं.

सासूबाई या सगळ्यापासून चार हात लांब होत्या. त्या मूळच्या सांगोल्याकडच्या. तिकडच्या माळावर आपला भारतीय शॅमेलिऑन दिसतो, त्याला त्या घोयरा म्हणतात. "विषारी असतो म्हणायचे. दिसला की आम्ही पोरं दगडं घेऊन मागं लागायचो," त्या म्हणाल्या. लेकीनं त्यांना सांगितलं, "आजी, त्याला अजिबात विष नसतं." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर पिंजऱ्यावरून जाताना क्षणभर थांबायला लागल्या.

डिसेंबरात एका सकाळी चिरंजीव ओरडले, "आई, पिस्ता कुंडी उकरतोय!"

आम्ही सगळे जमलो. कधी जमिनीवर न उतरणारा पिस्ता खाली येऊन कुंडीतली माती पुढच्या पायांनी उकरत होता. अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले होते. काय सुंदर दिसत होता! दोन फोन व्हिडिओ घेत होते, गोट्या सोफ्यावर होताच. पिस्तानं एक डोळा आमच्याकडे फिरवला, दुसरा गोट्याकडे. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. मग उकरणं थांबवून तो हळूहळू वर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी भर दुपारी तो पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून पडला होता.

दिवसाउजेडी डोळे मिटलेला शॅमेलिऑन म्हणजे आजारी शॅमेलिऑन. हे प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतात, कारण रानात दुबळा दिसला की संपला. आम्ही त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवून, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी मागचे पाय पाहिले. नराच्या टाचेवर जन्मापासून छोटासा काटा असतो. पिस्ताला तो नव्हता.

"हा नाही, ही आहे," त्या म्हणाल्या, "आणि हिच्या पोटात अंडी आहेत."

एक्स-रेमध्ये मोत्यांच्या माळा गुंडाळून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. नर जवळ नसतानाही माद्या अंडी घालतात, आपल्याकडच्या फार्मच्या कोंबड्यांसारख्या. पण अंडी घालायला तिला खोल, ओलसर वाळू लागते, त्यात बोगदा खणून ती अंडी पुरते. तशी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात. आणि अडलेली मादी मरते.

"कुंडीत खणत होती, पण मध्येच सोडून दिलं," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"खणताना तिला कोणी बघत होतं का?"

आम्ही गप्प. कोणी म्हणजे काय, अख्खं घर बघत होतं!

"तिला कोणी बघतंय हे कळलं की ती खणणं सोडते," डॉक्टर म्हणाल्या. "खड्ड्यात डोकं घातल्यावर मागून कोणी झडप घातली तर? ज्याचे दोन्ही डोळे चेहऱ्यावर समोर असतात, तो शिकारी. मांजराचे तसे असतात, तुमचेही तसेच आहेत. तिच्या लेखी घरात एक मांजर नाही, सहा आहेत."

कॅल्शियम दिलं. दोन दिवस वाट बघायची, नाहीतर ऑपरेशन. त्याचा खर्च हजार डॉलरच्या वर, आणि जगेलच याची खात्री नाही. गाडीत कोणी बोललं नाही. लेक खोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला राहून राहून त्या व्हिडिओंची लाज वाटत होती.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठल्याच.

"म्हणजे बाळंतीण आहे ती. मग हॉलमध्ये काय ठेवलीय चव्हाट्यावर? माझ्या खोलीत न्या तिला."

"आई, आणि तुम्ही?"

"मी सोफ्यावर झोपेन. अगं, अडलेल्या बाईला आडोसा नको?"

त्या घरात फक्त सासूबाईंची खोली अशी होती, जिथे त्यांच्या परवानगीशिवाय कोणी जात नसे. ती त्यांनी दिली. ह्यांनी पिंजरा उचलून नेला. दुकानातून खेळण्याची वाळू आणली, कपडे भिजवायच्या टबात फूटभर खोल भरली. ओल किती हवी, यावर आमचा खल चालला होता. सासूबाईंनी हात घातला. "अजून पाणी घाल. मुठीत दाबली की मुटका झाला पाहिजे. नाहीतर खणलेलं ढासळेल." शेवटी त्यांनी आपली जुनी सुती साडी काढली आणि पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी गुंडाळली. चौथी बाजू भिंतीकडे, वर दिव्यांपुरतं मोकळं. पाण्याचं भांडं भरलं, दार लावलं आणि चिरंजिवांना दम दिला, "दारापाशी फिरकलास तर बघ!" गोट्याची रवानगी वरच्या मजल्यावर झाली.

रात्री भांडी आवरताना त्या आपणहून बोलल्या. परळच्या चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं. थोरल्याच्या वेळी माहेरी गेल्या होत्या, पण धाकट्याच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या वेळी माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं. "एक साडी बांधली होती दोरीवर. अलीकडं मी आणि पोर. पलीकडं दीर रेडिओवर मॅच ऐकायचे. पोराला पाजायला घेतलं की वाटायचं, वाऱ्यानं साडी हलू नये. चाळीस दिवस मी त्या साडीकडं बघत काढले." हात पुसत म्हणाल्या, "तेव्हा वाटायचं, दार असलेली खोली कधी मिळेल का गं आपल्याला?"

मला काय बोलावं सुचेना. ज्या घरात दारं आहेत, तिथे ती लावायची नाहीत असा फतवा काढणारी मी!

दुसरा दिवस शनिवार होता. येणाऱ्या मंडळींना मी "आज नको" म्हणून सांगितलं. असं सांगायची ही माझी पहिलीच वेळ, आणि आभाळ काही कोसळलं नाही! लेक आणि आजी त्या खोलीच्या बंद दाराबाहेर सतरंजी टाकून पहाऱ्याला बसल्या. बसल्या बसल्या दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मी चहा घेऊन जिन्यापर्यंत गेले. लेक काहीतरी सांगत होती, मध्येच नाक ओढत होती. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर. माझे पाय आपोआप पुढे निघाले होते… 'काय झालं गं?' हे शब्द ओठांवर होते. पण मी थांबले. चहा तिथेच पायरीवर ठेवून परत आले. ती काय बोलली ते मला आजही माहीत नाही. सासूबाईंना मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत दार बंदच होतं. आतून अधूनमधून वाळू खरवडल्याचा बारीक आवाज येई, मग तासभर काहीच नाही. दिवे बंद व्हायच्या जरा आधी लेकीनं फटीतून पाहिलं आणि तोंडावर हात धरला. टबातली वाळू सपाट थापलेली होती, जणू तिथे काही घडलंच नाही. पिस्ता फांदीवर होती. मातीनं माखलेली, पोट खपाटीला गेलेलं. पानावरचे थेंब चाटत होती, कितीतरी वेळ.

वाळूतून आम्ही अडतीस अंडी काढली. पांढरी, मऊ सालीची, चिंचोक्याएवढी. त्यांतून काही निघणार नव्हतं. तरी ती कचऱ्यात टाकायला सासूबाईंनी साफ नकार दिला. परसातल्या गोठलेल्या मातीत ह्यांनी कुदळ मारून खड्डा केला.

पुढे आम्ही बरंच शिकलो. मादीला जास्त खायला घातलं आणि पिंजरा जास्त गरम ठेवला, की ती जास्त अंडी धरते आणि त्यात झिजते. म्हणून आता रातकिडे मोजून, एक दिवसाआड. वाळूचा टब कायम तयार. सासूबाई परत गेल्यावर ती खोली पिस्ताचीच झाली. गोट्या आणि तिच्यात आता दोन दारं आहेत आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पिस्ताला हात लावायचा तो गरज असेल तरच, आणि नंतर साबणानं हात धुवायचेच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

मैत्रिणी विचारतात, "मग आम्हीही आणू का एखादा?" मी स्पष्ट सांगते, घरात मांजर असेल, माणसांचा राबता असेल आणि एक खोली कायमची सोडायची तयारी नसेल, तर आणू नका. आम्ही विचार न करता आणला आणि ती थोडक्यात वाचली. भारतातल्या मैत्रिणींना तर आणखी सांगते, की आपल्याकडचा शॅमेलिऑन पकडणं किंवा पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पिस्तासारख्या परदेशी जातींचीही आता सरकारदरबारी नोंद करणं बंधनकारक आहे. कुंपणावर किंवा बाभळीवर घोयरा दिसला, तर लांबून बघा आणि जाऊ द्या. दगड तर नकोच.

पिस्ता अजून आहे. थोराड झालीय. सासूबाई डोंबिवलीहून दर रविवारी फोन करतात. मुलाची, नातवंडांची चौकशी होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "आणि आमची बाळंतीण?"

लेकही मोठी झाली. तिच्या खोलीचं दार बहुतेक वेळा लावलेलं असतं. मी आता टकटक करते आणि थांबते. कधी आतून "नंतर" असं येतं. पण बऱ्याचदा दार उघडतं आणि ती स्वतःहून म्हणते, "ये ना, आई."